पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या बुलेटचं ऑईल जातं कुठे?

मृगाचा पाऊस सुरू झाला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात जुन्या मोटारसायकली पडवीत ताडपत्रीखाली जातात आणि बऱ्याचशा थेट खंडेनवमीला पुजेसाठी बाहेर येतात. त्या सकाळी घराघरांत एकच चूक होते. गाडी धुऊन-पुसून झाल्यावर कुणीतरी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, काढून बघतो, तर ती कोरडी. जमिनीवर डाग नाही, तरी ऑईल गायब. मग एक लिटरचा डबा आणून ओतला जातो आणि किक मारायला सुरुवात होते. किक जड लागते. गाडी सुरू झाली की सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि पाच मिनिटांत ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑईल उडून मागच्या टायरवर येतं. घरातले म्हणतात रिंगा गेल्या, बोअर करावा लागणार.

बहुतेक वेळा रिंगा गेलेल्या नसतात आणि ऑईलही गेलेलं नसतं. ते ऑईलच्या टाकीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलचं जड चाक फिरतं त्या पोकळीत, उतरलेलं असतं. वरून ओतलेलं एक लिटर मात्र जास्तीचं होतं, आणि सगळा गोंधळ त्यानेच घातला.

हे समजायला इंजिनात ऑईल कुठे राहतं ते आधी बघू. आजच्या रोजच्या वापरातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ऑईल इंजिनाच्या तळातच साठलेलं असतं. पंप ते तिथून वर उचलतो, वरून ते पुन्हा तळात पडतं. गाडी सहा महिने उभी राहिली तरी ते आहे तिथेच राहणार, कारण त्याच्या खाली जायला जागाच नाही. २००९ नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कास्टिंगमध्ये असलेल्या) इंजिनाच्या बुलेटची गोष्टही अशीच. जुन्या, लोखंडी बोअरच्या बुलेटची रचना वेगळी आहे. तिच्यात फ्लायव्हील जिथे फिरतं ते चेंबर शक्य तितकं मोकळं ठेवायचं असतं आणि ऑईल साठतं वेगळ्या टाकीत. ही टाकी बाहेरून दिसत नाही. ती इंजिनाच्या कास्टिंगमध्येच, चेंबरच्या मागच्या बाजूला ओतून घेतलेली आहे आणि डिपस्टिक बुडते ती या टाकीत. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एजेएस या इंग्लिश गाड्यांत हीच टाकी सीटखाली स्वतंत्र डब्यासारखी बसवलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बीएसए एम-२०, नॉर्टन १६एच आणि मॅचलेस जी३एल याच जातीच्या.

या रचनेत पंप दोन लागतात. फीड पंप टाकीतलं ऑईल ओढून बिग-एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगकडे, ढकलतो. काम करून चेंबरच्या तळाशी पडलेलं ऑईल उचलून टाकीत परत नेतो तो रिटर्न पंप. रिटर्नची ताकद मुद्दाम फीडपेक्षा जास्त ठेवलेली असते, म्हणजे चालत्या इंजिनात चेंबर तुंबत नाही. इंजिन बंद झालं की दोन्ही पंप थांबतात. गुरुत्वाकर्षण थांबत नाही. टाकीतल्या ऑईलची पातळी चेंबरच्या तळापेक्षा वर आहे आणि दोघांच्या मधे आडवा आहे तो फक्त थांबलेला फीड पंप. त्याच्या फटींतून ऑईल थेंबाथेंबाने झिरपतं, थोडं टायमिंगच्या (उजवीकडच्या गिअरच्या) बाजूने, थोडं बिग-एंडच्या वाटेने, आणि चेंबरमध्ये साठतं. इंग्रजीत याला वेट सम्पिंग म्हणतात. आपल्याकडचे मेस्त्री सरळ ‘ऑईल चेंबरमध्ये उतरलं’ म्हणतात. तेच बरोबर वर्णन आहे.

किती वेगाने उतरतं? ढकलणारा दाब अगदी नगण्य असतो. सीटखालच्या टाकीत ऑईलची उंची तीस सेंटिमीटर धरली तरी दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम पंचवीस ग्रॅम होतो. बुलेटमध्ये त्याहून कमी. पण वेळ भरपूर असतो, आणि दोन गोष्टी हा वेग फार बदलतात.

पहिली म्हणजे पंपाची झीज. अरुंद फटीतून जाणाऱ्या ऑईलचा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली की झिरपणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. तिप्पट झाली की सत्तावीसपट. म्हणून एकाची बुलेट चार महिन्यांनी अर्धी डिपस्टिक दाखवते आणि शेजाऱ्याची, त्याच वर्षाची, चार दिवसांत कोरडी पडते. दोघांच्या पंपांत फरक केसाच्या जाडीइतकाही नसतो.

दुसरी म्हणजे ऑईलचा पातळपणा. ५० ग्रेडचं ऑईल म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला ज्याची चिकटाई १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्समध्ये बसते ते. तेच २०डब्ल्यू-५० ऑईल चाळीस अंशाला साधारण आठ-नऊपट घट्ट असतं. याचा अर्थ असा की लांबून येऊन तापलेली गाडी लावली की पहिल्या तासा-दोन तासांत झिरपा जोरात असतो आणि इंजिन गार झालं की तो मंदावतो. अथणी-चिक्कोडीकडे उसाची तोड सुरू झाली की गाडीकडे बघायला सवड नसते, आणि ती मग पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेपर्यंत उभी राहते. त्या उन्हात ऑईल पातळ राहतं आणि जास्त उतरतं. खानापूरच्या गार, ओल्या हवेत ते कमी उतरतं, पण तिथे गंजाचा त्रास जास्त. दोन्हीकडचे उपाय त्यामुळे थोडे वेगळे आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल विनाकारण भीती आहे. उभ्या गाडीत ऑईल चेंबरमध्ये उतरल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. उलट फ्लायव्हीलचा खालचा भाग ऑईलमध्ये बुडून राहतो आणि तेवढ्या भागाला गंज लागत नाही. नुकसान होतं ते गाडी सुरू करतानाच्या पहिल्या मिनिटात. सगळी काळजी त्या मिनिटासाठी घ्यायची.

त्या मिनिटात काय होतं? चेंबरमध्ये लिटरभर ऑईल आहे आणि फ्लायव्हील आणि कास्टिंग यांच्यात जागा थोडी. फ्लायव्हील फिरायला लागलं की ऑईल घुसळून वर फेकलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा चेंबरमधली हवा दाबली जाते. एरवी ही हवा ब्रीदरमधून निघून जाते, आता ब्रीदरच्या तोंडाशी हवेऐवजी ऑईल आहे. दाब मग मिळेल ती वाट शोधतो. एक वाट रिंगांवरून वर, म्हणजे प्लग ओला आणि निळा धूर. दुसरी डाव्या बाजूच्या क्रँक सीलमधून प्रायमरी केसमध्ये (क्लच आणि प्रायमरी चेनच्या कव्हरात), तिथली पातळी वाढून क्लच घसरायला लागतो. तिसरी ब्रीदरच्या नळीतून चेनवर आणि मागच्या टायरवर. तिसरी सर्वांत धोक्याची, कारण पुजेचा हार घातलेली गाडी घेऊन माणूस ओल्या टायरने पहिल्याच वळणावर जातो.

दाबाने सील एकदा आपल्या जागेवरून सरकलं की ते आपोआप परत बसत नाही. धूर दहा मिनिटांत थांबतो, सील मात्र गळतच राहतं. सील बदलायचं तर क्लच आणि प्रायमरी उतरवावी लागते. हे टाळायला एक नट खोलणं पुरतं.

गाडी बाहेर काढताना

डिपस्टिक काहीही दाखवो, लांब मुक्कामानंतर टाकीत ऑईल ओतायचं नाही. आधी चेंबरमध्ये किती आहे ते बघायचं.

जुन्या बुलेटच्या इंजिनाखाली ड्रेनचे वेगळे नट असतात, एक ऑईल टाकीचा, एक चेंबरचा. आपल्याला हवा आहे चेंबरचा. चुकून टाकीचा खोलला तर काही मोडत नाही, फक्त टाकीतलं उरलेलं ऑईल खाली येतं आणि चेंबर भरलेलाच राहतो. कुठला नट कुठला याची खात्री नसेल तर एकदा मेस्त्रीकडून दाखवून घ्या आणि चेंबरच्या नटाशेजारी रंगाचा ठिपका देऊन ठेवा. पाना बरोबर मापाचा, रिंग पानाच वापरा. आटे ॲल्युमिनियमचे आहेत, ॲडजस्टेबल पान्याने नट गोल होतो आणि जोर जास्त लागला की आटे जातात. गेलेच तर बेळगावला उद्यमबागेत हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे) बसवून देणारी वर्कशॉप्स मिळतील, पण ती वेळ येऊ देऊ नये.

गाडी डबल स्टँडवर, खाली स्वच्छ ट्रे. नट काढल्यावर अर्धा तास तसंच निथळू द्या, गार ऑईल सावकाश येतं. निघालेलं ऑईल मापाच्या भांड्यात ओतून आकडा लिहून ठेवा. चांगल्या गाडीतही चेंबरमध्ये कपभर ऑईल नेहमीच राहतं, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त निघालं तर ते टाकीतून उतरलेलं आहे.

मग भांड्यातल्या ऑईलकडे नीट बघा. मधासारखं किंवा काळसर पण स्वच्छ असेल, आणि ठेवण्याआधी नवीन भरलेलं असेल, तर बारीक जाळीतून किंवा सुती कापडातून गाळून तेच टाकीत परत ओतायला हरकत नाही. दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. पेट्रोलचा वास आला आणि बोटांवर ते पाण्यासारखं पातळ लागलं तर कार्बोरेटरमधून पेट्रोल उतरलंय. या दोन्ही वेळी टाकीचाही नट खोलून सगळं ऑईल काढून टाका आणि नवीन भरा. जुनं ऑईल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजच्या ड्रममध्ये नेऊन द्या. नटाचा वॉशर तांब्याचा असेल तर गॅसवर लाल करून पाण्यात बुडवला की मऊ होतो आणि पुन्हा नीट बसतो. फायबरचा असेल तर नवीन घ्या, त्याची किंमत एका चहाच्या पुढे नसते.

आता स्पार्क प्लग काढा. चार महिने बोअर कोरडा पडलेला आहे, म्हणून प्लगच्या भोकातून साधारण पाच मिलिलिटर इंजिन ऑईल सोडा. इंजेक्शनची सिरिंज यासाठी सगळ्यांत सोयीची. इग्निशन बंद ठेवून, प्लग बाहेर असतानाच दहा-पंधरा किक सावकाश मारा. जोर लावायचा नाही, फक्त इंजिन फिरवायचं. यात दोन कामं होतात: बोअरला ऑईल लागतं आणि फीड पंप ऑईल पुढे सरकवतो. पंपापर्यंत ऑईल पोचलंय की नाही हे बघायला टायमिंग कव्हरवरचा फीड प्लग अर्धवट ढिला करून किक मारा. तिथून बुडबुडे न येता सलग ऑईल पाझरायला लागलं की प्लग घट्ट करा. टाकी पूर्ण रिकामी करून भरली असेल तर हे केल्याशिवाय गाडी सुरू करूच नये, कारण पंपात हवा अडकली तर बिग-एंडला पहिली काही मिनिटं ऑईल मिळत नाही आणि ते बेअरिंग तेवढ्यातही खराब होऊ शकतं.

यानंतर स्पार्क प्लग बसवून गाडी सुरू करा आणि मंद गतीवर दोन-तीन मिनिटं ठेवा. मूठ पिळायची नाही. हेडवर रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बँजो बोल्ट थोडा ढिला केला की तिथे ऑईल येताना दिसलं पाहिजे. हे ऑईल रिटर्नच्या बाजूने येतं, त्यामुळे एकाच नजरेत कळतं की रिटर्न पंप काम करतोय आणि रॉकरला ऑईल मिळतंय. सीटखाली टाकी असलेल्या इंग्लिश गाड्यांत त्याहून सोपं: टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा, रिटर्नच्या नळीतून ऑईल थुंकल्यासारखं तुटक-तुटक पडताना दिसेल. हवा मिसळून तुटक पडणंच योग्य आहे. सलग धार पडत असेल तर चेंबरमध्ये अजून जास्तीचं ऑईल शिल्लक आहे. दोन मिनिटांनंतरही काहीच पडत नसेल तर ताबडतोब इंजिन बंद करा.

ठेवण्याआधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात हे करून घेतलेलं बरं. ऑईल गाडी ठेवताना बदलायचं, काढताना नव्हे. बरेच जण उलट करतात, ‘नाहीतरी चार महिने उभीच राहणार, नंतर नवीन टाकू’ म्हणून. वापरलेल्या ऑईलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. ते चार महिने बेअरिंगवर आणि रोलरवर बसून राहतं आणि रोलरच्या चकचकीत पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पुढे तेच खड्डे बिग-एंडच्या खडखडाटाच्या रूपाने ऐकू येतात.

गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पूर्ण तापवा, गरम असतानाच टाकी आणि चेंबर दोन्हीकडचं ऑईल काढा, फिल्टर बदला आणि साधं मिनरल २०डब्ल्यू-५० भरा. ३५० बुलेटमध्ये साधारण सव्वादोन लिटर बसतं. एकदम सगळं न ओतता दोन लिटर ओता, पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करून डिपस्टिक बघा आणि मग वरच्या खुणेच्या जरा खालपर्यंत आणा. काठोकाठ भरू नका.

मग मुक्कामाची व्यवस्था. पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरच्या फ्लोटमधलं पेट्रोल काढून टाका. सध्याच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि फ्लोटच्या तळाशी पांढरट-हिरवा थर जमतो. नीडल नीट बसत नसेल आणि ओव्हरफ्लोची नळी तुंबलेली असेल तर पेट्रोल इनटेकमधून चेंबरमध्ये पोचतं आणि उतरलेल्या ऑईलला पातळ करतं. बोअरमध्ये पाच-दहा मिलिलिटर ऑईल सोडा, सावकाश किक मारून पसरवा, आणि शेवटी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे त्या फेरीतल्या सर्वांत वरच्या जागी, आणून ठेवा.

या टीडीसीबद्दल एक समज आहे की पिस्टन वर ठेवला की ऑईल उतरत नाही. पंप क्रँकपेक्षा पुष्कळ हळू फिरतो, त्यामुळे पिस्टन त्याच जागी आणला तरी पंप दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबलेला असतो. एखाद्या वेळी भोकं झाकली जातात, एखाद्या वेळी नाही. तेव्हा झिरपा थांबावा म्हणून याच्यावर भिस्त ठेवू नका. पिस्टन तिथे ठेवायचं खरं कारण वेगळं आहे: कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि पावसाळी हवा सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून बोअरमध्ये शिरत नाही. कणकुंबीसारख्या ठिकाणी, जिथे मलप्रभा उगम पावते आणि भिंतीसुद्धा चार महिने घाम गाळतात, तिथे हे फार कामाचं आहे. सायलेन्सरच्या तोंडात ऑईलचा बोळा घाला आणि त्याला लाल चिंधी लोंबती ठेवा, म्हणजे काढताना विसरणार नाही.

गाडी डबल स्टँडवर, खाली फळी. साईड स्टँडवर ठेवली तर ऑईल डावीकडे सरकतं, डिपस्टिक खोटं बोलते आणि डाव्या सीलवर ऑईल चढून बसतं. फळीवर इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. चार महिन्यांनी त्यावरचे डाग नकाशासारखे वाचता येतात: उजवीकडचा डाग टायमिंग कव्हरचा, डावीकडचा प्रायमरीचा, मधला ड्रेन नटांचा. गोठ्याशेजारी किंवा युरियाच्या पोत्यांजवळ गाडी ठेवू नका. अमोनिया पितळ आणि तांबं खातो, आणि कार्बोरेटरचे जेट पितळेचे असतात.

किकच्या दांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: ‘आधी चेंबर मोकळा करा.’ गाडी बाहेर काढणारा दर वेळी मालकच असतो असं नाही. भाचा असतो, शेजारी असतो.

दर आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची सवय अनेकांना आहे. ती सोडा. एक लिटर पेट्रोल जळतं तेव्हा जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाच मिनिटांत इंजिन इतकं तापत नाही की ही वाफ निघून जावी, ती गार होऊन चेंबरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी म्हणून बसते. शिवाय दर आठवड्याला उतरलेलं ऑईल घुसळलं जातं. एक तर पाऊस उघडलेल्या दिवशी अर्धा तास नीट फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका.

ऑईलची टाकी पूर्ण रिकामी करून ठेवायची का? चार-सहा महिन्यांच्या मुक्कामाला गरज नाही, आतले भाग उघडे पडून गंजतात. वर्ष-दोन वर्षं गाडी उभी राहणार असेल आणि पंप खूप झिजलेला असेल तरच टाकी रिकामी करा, आणि चिठ्ठीवर ठळक लिहा की ऑईल नाही.

पंप आजारी आहे का, हे कसं ओळखायचं

गाडी तापवून आणा, बंद केल्यावर दहा मिनिटांत डिपस्टिकवर पातळी बघून खूण करा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने, दर वेळी इंजिन सुरू न करता पुन्हा बघा. आठवड्यात थोडी उतरली तर पन्नास-साठ वर्षांच्या गाडीला ते चालतं. एका रात्रीत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली तर पंपाकडे बघायची वेळ झाली.

बुलेटच्या पंपाचा मुख्य भाग म्हणजे एक लहान पोलादी तबकडी. तिच्या आत एक प्लंजर मागेपुढे होतो आणि तबकडी डुलते. डुलताना तिचं भोक एकदा ओढायच्या भोकासमोर येतं, एकदा ढकलायच्या. तबकडी एका स्प्रिंगने टायमिंग कव्हरमधल्या बैठकीवर दाबून धरलेली असते. ऑईल अडवणारी गोष्ट एवढीच: दोन सपाट पृष्ठभाग आणि एक स्प्रिंग. ऑईलमधली कचकच या दोन पृष्ठभागांत सापडली की बारीक गोल चरे पडतात, आणि झिरपा त्या चऱ्यांतून होतो. तबकडी उजेडात तिरपी धरली की ते दिसतात, नखालाही लागतात.

उपाय म्हणजे लॅपिंग. बैठकीवर अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका घेऊन तबकडी हाताने, हलक्या दाबाने, आळीपाळीने दोन्ही दिशांना फिरवायची. चरे गेले की शेवटचा हात ब्रासोसारख्या मेटल पॉलिशचा. निळ्या मार्किंगचा पातळ थर लावून तपासा, तबकडीवर सगळीकडे सारखा ठसा उमटला पाहिजे. यानंतरची धुलाई लॅपिंगइतकीच महत्त्वाची आहे. पेस्टचा कण जरी ऑईलच्या वाटेत राहिला तरी तो सरळ बिग-एंडमध्ये जातो. रॉकेल किंवा डिझेलने दोनदा धुवा, प्रत्येक भोकात सिरिंजने मारा, मग हवा मारा. स्प्रिंग नवीन घाला.

कव्हर परत बसवताना दोन चुका होतात. गॅस्केटला ऑईलच्या वाटेचं भोक नसतं किंवा ते सरकलेलं असतं, म्हणून गॅस्केट कव्हरवर ठेवून प्रत्येक भोक डोळ्यांनी जुळवा. दुसरी, सिलिकॉन थापण्याची. कव्हर आवळलं की जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला शेवयांसारखं बाहेर येतं, तुटतं आणि ऑईलची वाट बंद करतं. कागदी गॅस्केट आणि त्यावर ग्रीसचा हलका हात एवढंच पुरतं. कव्हरमधून क्रँकच्या टोकाला ऑईल देणाऱ्या नळीचं सीलही याच वेळी नवीन बसवा. ते गळत असेल तर पंप कितीही चांगला झाला तरी बिग-एंडला पुरेसं ऑईल मिळत नाही. ब्रीदरचं बदकाच्या चोचीसारखं रबर उभ्या गाडीत चिकटून बसतं. बोटांनी उघडून बघा, कडक झालं असेल तर बदला.

सीटखाली टाकी असलेल्या नॉर्टन-बीएसएसारख्या गाड्यांत लोक टाकी आणि पंप यांच्या मधल्या नळीत कॉक बसवतात. झिरपा त्याने शंभर टक्के थांबतो. पण एकदा जरी कॉक उघडायचा राहिला तर इंजिन काही मिनिटांत जाम होतं, आणि त्या इंजिनांचे भाग आता बेळगावला काय, कुठेच सहज मिळत नाहीत. बसवायचाच असेल तर कॉक बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही असा स्विच जोडलेला बसवा. स्प्रिंग आणि गोळीचा आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह पंपाच्या ओढणीच्या बाजूला लावणंही जोखमीचं आहे, कारण थकलेल्या पंपाला ती स्प्रिंग ओढून उघडावी लागते. ज्या गाड्यांत कंपनीनेच पंपाच्या पुढे गोळीचा व्हॉल्व्ह दिलाय, तिथे गोळी नवीन टाका आणि तिची बैठक साफ करा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. बुलेटमध्ये टाकी कास्टिंगच्या आतच असल्याने कॉकचा प्रश्नच येत नाही.

म्हैसूरच्या जावा-येझदीवाल्यांनी यातलं फारसं मनावर घ्यायची गरज नाही. त्यांचं इंजिन-ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. त्यांनी पेट्रोल कॉक बंद आहे ना आणि गिअरबॉक्सचं ऑईल कमी होत नाही ना, एवढं बघावं. ते कमी होत असेल आणि सुरू करताना धूर येत असेल तर क्रँक सीलमधून ऑईल चेंबरमध्ये जातंय.

बुलेटकडे परत येऊ. चेंबर मोकळा करून, पंपात ऑईल आणून (प्राइम करून) गाडी सुरू झाल्यावर आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. जाताना पहिल्या किलोमीटरला थांबून मागचा टायर हाताने पुसून बघा. परत आल्यावर दहा मिनिटं डबल स्टँडवर ठेवा आणि मग डिपस्टिक काढा. त्या दिवसाचं खरं रीडिंग हेच. कमी असेल तर आता ओता, एका वेळी शंभर मिलिलिटर.